पामतेलाचं माहेर

आमचा धंदा तेल गाळायची यंत्रं बनवण्याचा, आणि तो धंदा डबघाईला आणला पामतेलानं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुवेतला जाऊन मी कुणाची मनधरणी करत होतो ते वाचणाऱ्याच्या नीट ध्यानात येईल.

लातूरला आडत बाजाराच्या मागे आमचं शेड आहे. थोरले बंधू ओतकाम बघतात, मी बाहेरचं बघतो. शेंगदाणा आणि करडई गाळणारी आमची यंत्रं एके काळी पार रायचूरपर्यंत जायची. मग रेशनच्या दुकानात पामतेल आलं. आधी लोकांनी नाकं मुरडली. थंडीत ते डब्यात तुपासारखं थिजायचं, बायका डबा उन्हात ठेवून वितळवायच्या आणि वास येतो म्हणून नावं ठेवायच्या. पण स्वस्त ते स्वस्त. दोन-तीन दिवाळ्या गेल्या आणि त्याच तेलात चकल्या तळायला सगळे शिकले. गावोगावच्या तेलगिरण्या बंद पडायला लागल्या, आणि गिरणीच बंद तर यंत्र घेतो कोण? आमची भट्टी महिन्यातून एखाद्या वेळी पेटायची. ओतकामाची जुनी माणसं मात्र रोज सकाळी यायची, अंगण झाडायची, चहा प्यायची आणि घरी जायची. ते बघवत नसे.

अशात आमच्या मुंबईच्या दलालानं बातमी आणली. कुवेतचा एक व्यापारी पैसे घालायला तयार होता. मलेशियाची एक कंपनी होती, पामच्या गिरण्या चालवण्यात हात बसलेली. आणि आफ्रिकेत घानामध्ये एक कंपनी होती, एका गावाच्या मालकीची म्हटली तरी चालेल, तिच्याकडे जमीन होती आणि फळ होतं, पण गिरणी मोडून पडली होती. तिघांनी मिळून तिथं नवी गिरणी घालायचा विचार होता. पामच्या फळाच्या गराचं तेल काढायची यंत्रं मलेशियावाले आणणार. पण गराच्या आत सुपारीसारखी टणक बी असते, तिच्यातही तेल असतं, आणि ते गाळायला आमच्यासारखंच यंत्र लागतं. मलेशिया आणि घाना एकत्र आले तर आमची भट्टी पेटणार, नाही तर शेडला कुलूप. बंधूंनी मला स्पष्टच सांगितलं होतं, की यंदा काही हाती लागलं नाही तर दसऱ्याला हत्यारांची पूजा करून माणसांना मोकळं करायचं.

आईला मी सांगितलं की घाना नावाच्या देशाचे लोक भेटणार आहेत. ती म्हणाली, म्हणजे आपलेच की, घाण्याचा देश म्हटल्यावर. बंधू तेवढे हसले नाहीत. ज्यानं आपलं घर बुडवलं त्याच्याकडे सोयरीक करायला चाललास, जपून जा, एवढंच ते बोलले.

सालमिया

ऐंशी साल उलटून एक-दोन वर्षं झालेली, ऐन उन्हाळा, आणि त्यात रमजान. याहून वाईट मुहूर्त शोधून सापडला नसता.

नमुन्यासाठी मी करडईच्या तेलाची बाटली बरोबर घेतली होती. विमानतळावरच्या कस्टमवाल्यानं ती नेमकी बाहेर काढली. पिवळंधमक पाणी बघून त्याला वाटलं, दारू. मी इंग्रजीत समजावलं, हिंदीत समजावलं, शेवटी बूच काढून थोडं तेल तळहातावर घेतलं आणि त्याच्यासमोर टाळूवर थापलं. तो बघतच राहिला, मग हसला आणि जा म्हणाला. पण घाईत बूच नीट बसलं नाही. आक्काच्या घरी जाऊन बॅग उघडली तेव्हा माझे दोन्ही शर्ट, पँट आणि आईनं दिलेले धपाटे सगळं एकजीव झालं होतं. धपाट्यांचं काही बिघडलं नाही. कपड्यांच्या बाबतीत मात्र दाजींच्या पँटवर आठवडा काढावा लागला. दाजी माझ्यापेक्षा वीतभर बुटके आहेत.

आक्का म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. इथल्या सरकारी दवाखान्यात ती बऱ्याच वर्षांपासून नर्स आहे. दाजी कुवेत सिटीत एका कंपनीत हिशेब बघतात. सालमियात तिसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट, स्वयंपाकघराच्या खिडकीतून जरा वाकलं की समुद्राची निळी चिंधी दिसते. खाली बकाला म्हणजे किराण्याचं दुकान, तिथं मलबारी दुकानदाराकडे तूरडाळीपासून अगरबत्तीपर्यंत सगळं मिळतं. भाचीला विचारलं, शाळा काय म्हणते गं? तर म्हणाली, फाइन, मामा. तेवढ्यातलं मामा ऐकून मी समाधान मानलं.

रमजानात दिवसा रस्त्यावर काही खायचं-प्यायचं नाही हे आक्कानं दारातच बजावलं. हॉटेलं बंद, चहाच्या टपऱ्या बंद. बाहेर असा फुफाटा की बसथांब्यावर उभं राहिलं तर बुटाचा तळ पोळतो. आपल्याकडे एप्रिलमध्ये लातूर तापतं म्हणून आपण रडतो. इथं वाराच तव्यावरून उठून आल्यासारखा लागतो, आणि अशा दिवसात माणसं सूर्य मावळेपर्यंत पाण्याचा थेंब घेत नाहीत. आपली एकादशी मला आठवली, साबुदाणा, वरी, रताळी आणि वर केळी. मी यापुढे एकादशीला उपास म्हणणार नाही.

कुवेत सिटी

ज्यांच्या पैशावर हा सगळा खटाटोप चालला होता त्यांना सगळे अबू खालिद म्हणत, म्हणजे खालिदचे वडील. इथं थोरल्या मुलाच्या नावानं बापाला हाक मारतात. अबू खालिद लहानपणी मुंबईत राहिलेले, वडिलांचा खजुराचा व्यापार होता, त्यामुळे झकास हिंदी बोलायचे. शहरात तेव्हा जो तो शेअरबाजाराच्या गप्पा मारत होता, टॅक्सीवालासुद्धा. अबू खालिद मात्र म्हणायचे, जे वजन करता येतं त्याचाच धंदा करावा. हा माणूस मला पहिल्या भेटीतच आवडला.

त्यांच्या ऑफिसात मला बाकीचे दोघं भेटले. मलेशियाचे रोसली माझ्याच वयाचे, लहान चणीचे, हळू बोलणारे, गिरण्यांचे इंजिनीयर. चेहऱ्यावर कायम मंद हसू, आणि मांडीवर आकड्यांची फाइल. घानाचे ओपोकू सत्तरीकडे झुकलेले. भारदस्त अंग, पांढरे केस, आणि सूट-बूट नाही, तर जाड रंगीत कापड डाव्या खांद्यावरून घेतलेलं, उजवा खांदा उघडा. आपल्याकडचे जुने पाटील धोतर-उपरण्यात कलेक्टरसमोर बसावेत तसे ते त्या थंडगार काचेच्या खोलीत बसले होते.

आणि मग सुरू झाली आमची बैठक. रोसलींनी ओपोकूंच्या तब्येतीची चौकशी केली. ओपोकूंनी रोसलींच्या मुलाबाळांची केली. विमानप्रवास कसा झाला, झोप लागते का, इथलं ऊन, तिथला पाऊस. नंतर शांतता. रोसली फाइलीवर हात ठेवून हसत बसले. ओपोकू समोरच्या भिंतीकडे बघत बसले. अबू खालिद जपमाळ ओढत होते. मला गप्प बसायची सवय नाही. थोड्या वेळानं सगळे उठले, हातात हात दिले आणि आपापल्या मुक्कामी गेले.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी न राहवून म्हणालो, तर मग गिरणीचं कसं काय ठरवायचं? पूजेत कुणी शिंकावं तसं सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. अबू खालिद नंतर जिन्यात मला म्हणाले, "सबर करो भाई. रमजान है. घाई सैतानाची असते." पण त्यांना कुठं भट्टी पेटवायची होती? मी घरी येऊन आक्कापाशी त्रागा केला. म्हणालो, ही माणसं समुद्र ओलांडून हवापाण्याच्या गप्पा मारायला आली आहेत.

अहमदी

शुक्रवारी दाजींना सुट्टी. त्यांनी गाडी काढली आणि म्हणाले, चला, तुमच्या पाहुण्यांना अहमदी दाखवून आणू, हेही तेलवाले आणि तेही तेलवाले. ओपोकू पुढे बसले, मी आणि रोसली मागे.

अहमदी तेल कंपनीनं वसवलेलं गाव. वाळवंटात अचानक झाडं लागतात, ओळीनं बंगले, कुंपणाला मेंदी, हिरवळीवर पाण्याचे फवारे. कुणीतरी आपल्या देशाची आठवण कुंडीत लावून ठेवावी असं ते वाटतं. गावाबाहेर क्षितिजावर वायूच्या ज्योती भर दुपारी जळत होत्या. रोसली बघत राहिले आणि म्हणाले, यांचं तेल आपोआप वर येतं, आपल्याला मात्र फळ तोडा, शिजवा, दाबा, तेव्हा कुठं. मी म्हणालो, आणि त्यांच्या तेलात भजी तळता येत नाहीत. एवढ्यावर आमची गट्टी जमली.

परतीच्या वाटेवर त्यांनी पामच्या झाडाची हकीकत सांगितली. हे झाड मूळचं मलेशियाचं नाहीच. गोऱ्यांनी ते पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून पूर्वेला नेलं आणि तिथून ते मलेशियात रुजलं. पण रुजलं तरी फळ मनासारखं धरेना. बायका बागेत फिरून प्रत्येक फुलावर हातानं पराग शिंपडायच्या. शेवटी शोध लागला की आफ्रिकेत हे काम एक बारीकसा किडा करतो. तो किडा तिकडून आणून नुकताच बागांत सोडला, आणि आता झाडं फळांनी लगडली आहेत. ओपोकू पुढे बसून ऐकत होते.

पेट्रोलसाठी गाडी थांबली तेव्हा दाजी आणि ओपोकू खाली उतरले. रोसलींनी मला हळूच सांगितलं, की ते परवा सकाळच्या विमानानं निघणार, ईद घरी करायची आहे. त्यांच्या कंपनीनं सांगून ठेवलं होतं, आफ्रिकेचं नक्की झालं तर ठीक, नाही तर तेच पैसे आपल्याच देशात नव्या बागेत घालायचे. मी म्हणालो, मग तुम्ही विषय का काढत नाही? ते थोडे अवघडले. म्हणाले, "ते वडीलधारे आहेत. त्यांच्याआधी मी तोंड कसं उघडू? आणि आमच्याकडे वडीलधारा माणूस तीन दिवस गप्प बसला, तर त्यानं नाही म्हटलं असं समजतात."

आमच्या शेडचं कुलूप मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं.

पुन्हा सालमिया

रोसली नमाजासाठी त्यांच्या हॉटेलात उतरले. ओपोकूंना मी आक्काच्या घरी घेऊन आलो. खरं सांगायचं तर त्यांना खोदून विचारायचा माझा बेत होता.

आक्का नुकतीच ड्यूटीवरून आली होती. पाहुणा बघून तिनं काही विचारलं नाही. ओपोकू कोचावर टेकतात न टेकतात तोच ती आतून तांब्याभांडं घेऊन आली आणि वाटीत गुळाचे खडे. पडदे ओढलेले होते, घरातल्या घरात पाणी प्यायला हरकत नव्हती. लातूरला उन्हातून आलेल्या माणसाला आपण जसं गूळपाणी देतो, तसंच ते होतं. आक्काला कुवेतमध्ये इतकी वर्षं झाली, पण ही सवय काही सुटली नाही.

ओपोकूंनी त्या भांड्याकडे जरा वेळ पाहिलं. मग दोन्ही हातांनी ते घेतलं, गूळ तोंडात टाकला आणि सगळं पाणी सावकाश प्यायले. भांडं खाली ठेवून, खांद्यावरचं कापड सारखं करून ते ताठ बसले आणि आक्काकडे बघत राहिले. कशाची तरी वाट बघत असावेत तसे.

आक्का समोर बसली. कुणीही आलं की पाण्यानंतर आपण जे विचारतो तेच तिनं विचारलं, आपल्या लातुरी वळणाच्या इंग्रजीत. कसं येणं केलंत?

ओपोकूंचा चेहरा उजळणं म्हणजे काय ते मी तेव्हा पाहिलं. तीन दिवसांत हा माणूस एवढं बोलला नसेल. म्हणाले, सगळं शांत आहे, वाईट बातमी नाही. मी तुमच्या भावाबरोबर आलो, तुमच्या दारावरून जाताना तुम्हाला भेटल्याशिवाय जाणं बरं नव्हे म्हणून आलो. मग ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, की या देशात पाऊल टाकल्यापासून मला हे विचारणारी तुमची बहीण पहिली.

मग सगळा उलगडा झाला. त्यांच्याकडे पाहुणा आला की आधी त्याला पाणी देतात. पाणी पिऊन झालं की घरधनी विचारतो, काय निरोप घेऊन आलात? त्यानंतरच पाहुणा तोंड उघडतो. गावची जमीन तिथल्या प्रमुखाच्या गादीची असते, आणि ओपोकू त्या प्रमुखाच्या वतीनं बोलणारे. प्रमुखाचं म्हणणं दुसऱ्यापर्यंत पोचवणं हेच त्यांच्या घराण्याचं काम.

मी म्हणालो, पण रमजान आहे, ते लोक पाणी कसं देणार? ते म्हणाले, रमजान मला कळतो, माझ्या गावातही मुसलमान आहेत. मला तहान लागलेली नाही.

"माझं स्वतःचं बोलणं असतं तर मी रस्त्यात उभं राहूनही बोललो असतो," ते म्हणाले. "पण हा शब्द माझा नाही. मी तो फक्त वाहून आणलाय. कुणी विचारलं नाही, तर मी तो कुठं ठेवू?"

मी कपाळाला हात लावला. एकजण वडीलधाऱ्यांनी बोलावं म्हणून थांबलेला, दुसरा विचारलं नाही म्हणून गप्प. बरं, विचारणार तरी कोण? अबू खालिदना वाटत होतं, ही दोघांची आपसातली बोलणी, आपण मध्ये कशाला पडा. आणि रोसली काही कुवेतचे यजमान नव्हते, तेही पाहुणेच. दोन पाहुणे परक्या घरी भेटले, तर पाणी कुणी कुणाला विचारायचं?

ओपोकू गेल्यावर आक्का माझ्यावर उखडली. "तीन दिस झाले त्यांच्यासंगं बसायलास, आन् एवढं कळंना गेलं का तुला? म्हातारं माणूस लांबून आलंय. पाणी दिल्याबिगर कामाचं बोलायला ते काय भिकारी हाय का?"

लातूरचा माणूस मी, आणि गूळपाणी मलाच आठवलं नव्हतं.

दिवाणिया

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रोसलींच्या हॉटेलात गेलो आणि त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मान खाली घालून ऐकलं. मध्ये काही विचारलं नाही, शेवटी फक्त आभार मानले आणि बॅग भरायची आहे म्हणाले. आता याचा अर्थ काय घ्यायचा? समजलं की नाही, पटलं की नाही, काही कळायला मार्ग नव्हता. कोल्हापूरचा माणूस असता तर निदान शिवी तरी दिली असती.

त्या संध्याकाळी अबू खालिदनी आम्हाला उपास सोडायला त्यांच्या दिवाणियात बोलावलं होतं. दिवाणिया म्हणजे घराची बाहेरची बैठक. भिंतीला लागून गाद्या-लोड, आणि गावातले पुरुष संध्याकाळी येऊन बसतात. आपल्या चावडीसारखंच, फक्त गालिचा भारी. मधोमध लांब चादर अंथरली होती आणि तिच्यावर खजूर, ताकासारखं लबन, शोरबा, मसाल्याचा भात, आणि पाकात बुडवलेले गोल लुगैमात. ते बघून मला आईच्या हातचे गुलगुले आठवले. मी शाकाहारी असल्याचं अबू खालिदना माहीत होतं. त्यांनी माझ्यासाठी गव्हाची मऊ खिचडी पुढे सरकवली आणि म्हणाले, हरीस, खा बिनधास्त, गहू आहे. पहिला घास तोंडात जाता जाता शेजारच्यानं सांगितलं, की त्यात मटण इतकं घोटलेलं असतं की दिसत नाही. मी घास अलगद खाली ठेवला आणि खजुरांवर भागवायचं ठरवलं. पण हे नंतरचं, त्याआधी जे झालं ते सांगायचं राहिलं.

मगरिबला, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाला, थोडा अवकाश होता. सगळे जण चादरीभोवती बसले होते, प्रत्येकासमोर खजूर आणि पाण्याचा पेला. दिवसभराची तहान चेहऱ्यांवर दिसत होती. रोसलींचे ओठ पांढरे पडले होते. ओपोकू माझ्या शेजारी, रोसली समोर. कोपऱ्यात टेलिव्हिजन लावलेला होता, त्यावर उपास सोडायची खूण म्हणून दाखवतात ती तोफ उडाली, आणि दूर कुठंतरी अजान सुरू झाली. सगळ्यांचे हात पेल्यांकडे गेले.

रोसलींनी आपला पेला उचलला आणि ते उठले. चादरीला वळसा घालून ते आमच्या बाजूला आले, ओपोकूंच्या पुढे गुडघ्यांवर बसले आणि उजव्या हाताला डावा हात लावून पेला त्यांच्यापुढे धरला. पहाटेपासून त्यांनी स्वतः थेंब घेतलेला नव्हता.

ओपोकूंनी पेला घेतला. रोसली त्यांच्यापुढे तसेच बसून राहिले. अबू खालिदनी तोंडाशी नेलेला खजूर खाली ठेवला, आणि त्यांचं पाहून बाकीच्यांचेही हात थांबले. म्हातारबाबा दोनच घोट प्यायले, लगेच पेला परत दिला आणि म्हणाले, आधी तुम्ही प्या, मी थांबतो. रोसलींनी उरलेलं पाणी त्याच पेल्यातून पिऊन टाकलं. मग त्यांनी विचारलं, "आजोबा, आपण काय निरोप घेऊन आलात?"

ओपोकू उभे राहिले. त्यांनी खांद्यावरचं कापड सावरलं, आणि जो आवाज मी आक्काच्या घरी ऐकला होता त्याहून खूप मोठ्या आवाजात बोलले. ते इंग्रजीत बोलत होते, पण मला ते सगळं मराठीतच आठवतं. म्हणाले, "सगळं शांत आहे. वाईट बातमी नाही. फार पूर्वी आमच्या किनाऱ्यावरून एक लेक परदेशी गेली. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं, पण गेली. ती तुमच्या घरी आली, तुम्ही तिला नांदवलं, तिची वेल वाढली. मागाहून तिची पाठराखीण, तो बारीकसा किडा, तोही आमच्याकडूनच आला, ते काल गाडीत ऐकलं. आमच्या प्रमुखांनी सांगितलंय, लेक परत मागायची नाही. दिल्या घरी ती सुखी राहो. पण माहेरचं घर पडलंय, चूल बंद आहे, फळ झाडाखाली सडतंय आणि बायका दगडानं बिया फोडतायत. लेकीच्या घरच्यांनी एकदा माहेरी यावं, आणि आपण दोन्ही घरांनी मिळून ते उभं करावं. एवढाच निरोप."

ते खाली बसले. रोसलींनी फाइल आणलीच नव्हती. ते म्हणाले, की आमच्याकडेही सोयरिकीची बोलणी अशीच फुलांची, बागांची नावं घेऊन होतात, आता जे उत्तर देतोय ते मी ऑफिसात देऊ शकलो नसतो. मग म्हणाले, "ईद मी घरी करीन. ईदनंतर तुमच्या गावी येईन. कंपनीला काय सांगायचं ते मी सांगतो."

त्यानंतर लोक जेवले. आकडे निघाले ते फार नंतर, आणि एकदा तोंड उघडल्यावर ओपोकूंनी रोसलींना जमिनीच्या भाड्यावरून असं काही पिळलं की मी मनात म्हणालो, आमचं तेल गाळायचं यंत्रही एवढं पिळत नाही. अबू खालिद लुगैमातचं ताट माझ्यापुढे सरकवत म्हणाले, बघितलंस, सबर. मी म्हणालो, हो, पण सबर आणि थोडं पाणी.

लातूर

परत येऊन वर्ष होत आलं. दरम्यान रोसली खरोखरच घानाला जाऊन आले, कागद झाले, आणि बी गाळायच्या यंत्रांची मागणी आमच्याकडे आली. भट्टी पेटली. पहिल्या दिवशी ओतकामाच्या माणसांनी अंगण झाडलं नाही, ती थेट आत गेली. बंधू अजून पामतेलाला चांगलं म्हणत नाहीत, पण रेशनच्या रांगेत कुणी त्याला शिव्या दिल्या तर आता गप्प राहतात.

गेल्या आठवड्यात पहिलं यंत्र तयार झालं आणि ते बघायला ओपोकू मुंबईमार्गे लातूरला आले. शेडच्या दारात त्यांची गाडी थांबली, त्याच रंगीत कापडात ते उतरले. मला काय करू नि काय नको असं झालं. हात धरून मी त्यांना तसाच यंत्राकडे न्यायला लागलो, हा बघा दाबायचा स्क्रू, हा तेल गळायचा पिंजरा. ते जागचे हलले नाहीत, नुसते हसत उभे राहिले. तेवढ्यात वहिनी गूळ आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. मी जीभ चावली.

खुर्ची आणली. ते बसले, गूळ खाल्ला, पाणी प्यायले, कापड सारखं केलं. सगळी माणसं काम थांबवून भोवती उभी राहिली. ते कशाला आलेत हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं, तरी मी त्यांच्यासमोर उभा राहून नीट विचारलं, कसं येणं केलंत?

ओपोकूंनी शेडच्या मधोमध उभ्या असलेल्या, नुकता हिरवा रंग दिलेल्या यंत्राकडे पाहिलं आणि म्हणाले, "सगळं शांत आहे. वाईट बातमी नाही. तुमची लेक न्यायला आलोय."

बंधूंना इंग्रजी येत नाही. त्यांनी विचारलं, काय म्हणाले रे? मी सांगितलं. यंत्रापाशी जाऊन बंधूंनी ओल्या रंगाला लागणार नाही असा हात त्याच्यावरून फिरवला, आणि वहिनीला म्हणाले, हळदीकुंकवाचं ताट आण.